हितसंबंध

पालिकेच्या नगररचना खात्यात साहेबांना सगळे 'ओळंबा' म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे हे सांगायला नकोच, पण साहेबांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. भिंत कितीही तिरकी असो, गवंड्याचा ओळंबा आपला सरळच लोंबतो, तसा हा माणूस. असा माणूस खात्यात असला की बाकीच्यांची पंचाईत होते, ती इथेही होत होती. नगरसेवक यायचे, समोर बसायचे, नकाशावर बोट ठेवून 'एवढी ही रेघ जरा इकडे सरकली तर...' असं गोड आवाजात सुरू करायचे. साहेब चहा मागवायचे, सगळं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे आणि कप रिकामा झाला की नकाशाची गुंडाळी करून कोपऱ्यात ठेवायचे. भांडण नाही, उपदेश नाही. बाहेर पडल्यावर नगरसेवक शिपायाला विचारायचा, हो म्हणाले की नाही म्हणाले? शिपाई म्हणायचा, चहा मिळाला ना, मग तेवढाच.

साहेबांची खोली तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. भिंतीवर शहराचा आराखडा चिकटवलेला. पिवळी घरं, निळी दुकानं, हिरव्या बागा, आणि या सगळ्यांच्या अंगावरून गेलेल्या लाल रेघा. लाल रेघ म्हणजे उद्याचा रुंद रस्ता. रेघेच्या आत जे येईल ते आज ना उद्या पाडायचं. या खात्यात एक जुनी पद्धत होती. नवा आराखडा करायला घेतला की जुन्या आराखड्यावरच्या लाल रेघा आधी जशाच्या तशा नव्यावर उतरवायच्या, आणि मग पुढचं काम. कोणी कधी का म्हणून विचारलं नव्हतं. वडिलांनी वाढवलेली मिशी मुलानेही वाढवावी तसं ते चाललं होतं.

त्या वर्षी रुंदीकरणाच्या पुढच्या टप्प्याचे कागद टेबलावर आले. साहेबांनी चष्मा पुसला, पहिला कागद पसरला आणि त्यांचं बोट एका बारीक पिवळ्या चौकोनावर थांबलं. चौकोनाचा एक कोपरा तुटका होता. नाल्यामुळे ती भिंत तिरकी बांधावी लागली होती, आणि ती बांधताना नुकतीच शाळा संपवलेल्या साहेबांनी विटा वाहिल्या होत्या. ते त्यांच्या ताईचं घर होतं. लाल रेघ त्या घराच्या पुढच्या खोलीतून आरपार गेली होती.

आता ही ताई म्हणजे कोण, ते सांगायला हवं. साहेबांची आई लवकर गेली. वडील होते, पण असून नसल्यासारखे. धाकट्या भावाला न्हाऊमाखू घालण्यापासून त्याच्या पाढ्यांपर्यंत सगळं ताईने केलं. तिला स्थळं यायची तेव्हा ती एकच सांगायची, याची शाळा संपल्याशिवाय मी बोहल्यावर उभी राहणार नाही. बाकीची स्थळं निघून गेली. एक शिंपी तेवढा थांबला. म्हणाला, मला घाई नाही, माझ्याकडे अजून पुष्कळ कपडे शिवायचे पडलेत. तेच भावोजी. साहेबांनी पहिल्या मुलाखतीला घातलेला कोट त्यांनीच शिवून दिला होता, आणि मापं घेताना बजावलं होतं की छाती जरा सैल ठेवतो, नोकरी लागली की फुगेल.

दोन वर्षांपूर्वी भावोजींचा एक पाय आजारपणात गेला. म्हणजे पाय जागेवर होता, पण सांगितलेलं ऐकत नव्हता. त्यांनी मशीनला मोटर बसवून घेतली आणि पुढच्या खोलीच्या खिडकीशी ठाण मांडलं. सकाळी ताई त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवायची, ते दिवे लागेपर्यंत तिथेच. येणारा जाणारा खिडकीशी थांबायचा, दोन शब्द बोलायचा. कोणाचा जावई आला, कोणाची मांजर व्याली, सगळं भावोजींना आधी कळायचं. वरच्या खोलीत त्यांना जिना चढून जाता येत नव्हतं. मागे उरलं स्वयंपाकघर, तिथे भर दुपारी दिवा लावावा लागे आणि समोर शेजाऱ्याची आंधळी भिंत. पुढची खोली गेली की भावोजींनी त्या भिंतीकडे बघत बसायचं. साहेबांना हे सगळं त्या पिवळ्या चौकोनात एका क्षणात दिसलं.

पण ओळंबा तो ओळंबा. साहेब तसेच उठले आणि मुख्याधिकाऱ्यांकडे गेले. म्हणाले, या गल्लीत माझ्या सख्ख्या बहिणीचं घर आहे. या विषयात माझा हितसंबंध आहे. सुनावणी उपनगररचनाकार बाईंकडे द्या. मी त्या बैठकीत बसणार नाही, कागदाला हात लावणार नाही, मतही देणार नाही.  मुख्याधिकारी म्हणाले, अहो, आडनाव वेगळं, कोणाला कळणार होतं? साहेब म्हणाले, मला कळलं ना. ही गोष्ट संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांवर पोचली. जिन्यात लोक जरा बाजूला होऊन वाट द्यायला लागले. साहेबांची मान त्या दिवशी थोडी जास्तच ताठ होती, खोटं कशाला बोला.

त्याच संध्याकाळी ते ताईकडे गेले. सांगणं भाग होतं. ताईने पाणी दिलं, समोर बसली आणि सगळं ऐकून घेतलं. खोली जाणार हे ऐकून ती पदराने नुसता चहाच्या कपाचा कान पुसत राहिली. मग तिने विचारलं, म्हणजे तू यात काही बोलणार नाहीस? साहेब म्हणाले, बोलताच येत नाही गं, माझा हितसंबंध आहे.

"हित म्हणजे चांगलंच ना?" ताई म्हणाली.

"हो."

"आणि संबंध? तोही चांगलाच."

"हो, पण..."

"मग दोन चांगले शब्द एकत्र आले की गुन्हा कसा होतो रे सोन्या?"

पन्नाशी उलटलेल्या, पालिकेत दरारा असलेल्या माणसाला अजून सोन्या म्हणणारी ही एकच व्यक्ती होती. साहेबांनी नियम समजावून सांगितला. उद्या जो तो आपापल्या बहिणीचं घर वाचवायला लागला तर शहराचं काय होईल वगैरे. खिडकीशी बसलेले भावोजी दोरा ओवता ओवता म्हणाले, आमचं तर उलट झालं, हिचा संबंध आला त्या दिवशीच आमचं हित संपलं. ताईने त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि तिघेही हसले. निघताना ताई म्हणाली, असू दे, नियम तो नियम, तू जिवाला लावून घेऊ नकोस. साहेब घरी गेले आणि त्यांनी ते जिवाला लावून घेतलं.

पुढच्या रविवारी साहेब एक विजार कमरेत सैल करून घ्यायला ताईकडे गेले. विजार हे निमित्त होतं, त्यांना नुसतं तिथे बसायचं होतं. भावोजींचं काम चालू होतं आणि साहेब त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बाहेर बघत बसले. आता रस्त्याकडे बघत बसलेला नगररचनाकार गाड्या मोजल्याशिवाय राहत नाही, तशी सवयच लागलेली असते. एक मुलगी सायकलवरून गेली. पाववाल्याची गाडी आली, वळली. एक माणूस खांद्यावर शिडी घेऊन इतक्या निवांत गेला की मधोमध थांबून त्याने पायातला खडाही काढला. बऱ्याच वेळाने एक मोटार आली. ती खिडकीशी थांबली, आतल्या बाईंनी इस्पितळाचा रस्ता विचारला. भावोजींनी हात करून सांगितलं, मागे फिरा, पुलावरून जा. मोटार मागे फिरली.

साहेब खुर्चीत सरळ झाले. पूल! ही गल्ली रुंद करायचं ठरलं होतं ते इस्पितळाकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी. तेव्हा दुसरी वाटच नव्हती. पण मधल्या काळात नाल्यावर पूल झाला, सगळी वाहतूक तिकडून जायला लागली, आणि इथे उरले ते चुकलेले. गंमत म्हणजे पूल साहेबांच्याच खात्याने आखला होता, त्याच्या पहिल्या आराखड्यावर सही त्यांचीच होती. पूल आला तरी गल्लीवरची लाल रेघ कोणी पुसली नव्हती. ती एका आराखड्यावरून दुसऱ्यावर उतरत राहिली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, असं साहेबांना वाटलं आणि त्यांना स्वतःचीच शरम वाटली.

रविवार म्हणून असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि आठवड्याच्या मध्ये रजा टाकून पुन्हा गेले. गल्लीच्या तोंडाशी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. सकाळी शाळेची गर्दी झाली तीसुद्धा पायी. सायकल दुरुस्तीवाल्याने दोनदा येऊन विचारलं, साहेब, काही हरवलंय का? संध्याकाळी घरी परतले तेव्हा बायको म्हणाली, रजा काढून पायरीवर बसणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहतेय, निदान बरोबर मला तरी न्यायचंत. साहेब हसले नाहीत. रस्ता त्या गल्लीला नकोच होता, याबद्दल त्यांच्या मनात आता तिळमात्र शंका नव्हती. ताईची खोली आणि तिच्यासारख्याच कितीतरी पुढच्या खोल्या उगाचच जाणार होत्या.

आणि हे सांगायला त्यांना तोंड नव्हतं. ते त्यांनी आपल्या हाताने शिवून घेतलं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार यालाच म्हणतात. दुसऱ्या कोणत्याही गल्लीबद्दल हे लक्षात आलं असतं तर त्यांनी दहा ओळींची टिप्पणी लिहिली असती आणि काम झालं असतं. पण मग हेही खरं होतं की दुसऱ्या कोणत्याही गल्लीत ते असे खुर्ची टाकून बसलेच नसते. तिथे त्यांची बहीण नव्हती. हा विचार त्यांना नीट झोपू देईना.

सुनावणीच्या आधीच्या आठवड्यात उपनगररचनाकार बाई वेगळ्याच कामाचे कागद घेऊन त्यांच्या खोलीत आल्या. बाई साहेबांच्या हाताखाली तयार झालेल्या, हुशार, आणि साहेबांपेक्षा जरा जास्तच सरळ. काम संपलं तरी त्या उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, सर, त्या गल्लीचं मी बघतेय, काही असलं तर... पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. दार लोटलेलं होतं. 'पूल' एवढा एक शब्द बोलला असता तरी बाईंना सगळं उमगलं असतं आणि आभाळ कोसळलं नसतं. साहेबांच्या ओठांवर तो शब्द आलाही. पण मागच्या दाराने आत गेलेली खरी गोष्टही चोरीचीच दिसते, आणि उद्या बोट उठलं तर ते बाईंवर उठणार होतं. साहेब म्हणाले, चहा घेता? बाई नको म्हणाल्या आणि गेल्या.

मग साहेबांना वाटलं, मला तोंड नसेल, पण गल्लीला आहे. लोकांनी हरकती द्याव्यात, त्यात पुलाचं लिहावं, म्हणजे बाई ते तपासतीलच. हे ताईला सांगायला ते लगबगीने गेले. ताई भाजी निवडत होती. त्यांचं बोलणं अर्धं झालं असेल नसेल, ती म्हणाली की आता त्याचा उपयोग नाही, मी संमती देऊन आले.

साहेबांना आधी ऐकू आलं तेच कळेना. ताईने शांतपणे सांगितलं. साहेबांनी हितसंबंधाचं सांगितलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती पालिकेत गेली होती. तिसऱ्या मजल्यावर न येता खालच्या खालीच, खिडकीवर. आमची पुढची खोली रस्त्याला द्यायला आमची ना नाही, असं सांगून कागदावर सही करून आली. गल्लीतली ही पहिली संमती. आणि मग जे व्हायचं तेच झालं. साहेबांच्या सख्ख्या बहिणीनेच देऊन टाकलं म्हटल्यावर बाकीच्यांचा धीर सुटला. तिलाच वाचवता आलं नाही तर आपली काय कथा, असं म्हणत एकेकाने जाऊन सह्या केल्या. सायकल दुरुस्तीवाल्याने केली, समोरच्या दाईने केली. जे राहिले होते तेही सुनावणीच्या दिवशी करणार होते.

"पण का?" साहेब म्हणाले. "मी तुला सांगितलं होतं का असं करायला?"

"तू कशाला सांगशील? तू कधी काही सांगतोस का?" ताईने देठ मोडला. "उद्या खोली वाचली असती तर लोक म्हणाले असते, भावाने वाचवली. तू जन्मभर जपलेलं नाव माझ्या चार भिंतींपायी जायला नको. म्हणून सगळ्यांच्या आधी मीच गेले."

"अगं, पण तिथे रस्ता लागतच नाही!"

"मग तसं सांग ना त्यांना."

"मला सांगता येत नाही."

"मग मला कशाला सांगतोस?"

 बहीण भावाचं नाव जपत होती, भाऊ आपलं नाव जपत होता, आणि दोघांच्या या जपण्यात एक आख्खी गल्ली भरडून निघत होती. सरळ माणसं एकमेकांवर प्रेम करायला लागली की असा घोळ होतो, वाकड्यांच्या घरी तो होत नाही. मशीन थांबलं होतं. भावोजी खिडकीकडे तोंड करूनच म्हणाले, "तुम्ही दोघं भांडू नका. मी मागच्या खोलीत बसेन. तिथेही दिवा लावता येतो."

इतकी वर्षं हा माणूस प्रत्येक वाक्याला विनोद जोडून देत आला होता. या वाक्याला त्यांनी काहीच जोडलं नाही. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते चपला घालायच्या निमित्ताने खाली वाकले.

घरी जाताना ते मुद्दाम पायी गेले. बायकोला त्यांनी जेवताना सगळं सांगितलं, आणि आपण काय करणार आहोत तेही सांगितलं. ती म्हणाली, लोक बोलतील. साहेब म्हणाले, बोलू देत. ती म्हणाली, लोक बोलतीलच हो, ते जाऊ दे, तुम्हाला ऐकवेल का? साहेबांनी घास तसाच धरून ठेवला. खरं सांगायचं तर ते घाबरले होते. इतकी वर्षं त्यांनी एकच गोष्ट मिळवली होती, की त्यांच्याकडे कोणी बोट दाखवू शकत नव्हतं. ती आता ते स्वतःच सोडायला निघाले होते. बायकोने त्यांच्या ताटात भात वाढला. म्हणाली, जा तुम्ही, ताईंनी तुमच्यासाठी काय काय सोडलं ते मी लग्न करून आले तेव्हापासून ऐकतेय.

सुनावणी पालिकेच्या मोठ्या सभागृहात होती. समोर उंचावर टेबल, त्यामागे मधल्या खुर्चीत उपनगररचनाकार बाई, एका बाजूला मुख्याधिकारी, दुसऱ्या बाजूला लिहून घेणारा कारकून. खाली लोकांसाठी खुर्च्या. गल्ली सगळी आलेली, सुनावणीची सवय नसलेली माणसं बसतात तशी कडेकडेने बसलेली. ताई मागच्या रांगेत दाईच्या शेजारी होती. साहेब रजेवर होते. साधा सदरा घालून ते आले आणि तिसऱ्या रांगेत बसले. कारकुनाला वाटलं साहेब चुकून खाली बसले, तो लगबगीने उठून वर खुर्ची मांडायला लागला. साहेबांनी त्याला हातानेच बस म्हणून सांगितलं.

एकेकाचं नाव पुकारलं जात होतं, एकेक जण उठून संमती म्हणत होता. आणखी कोणाची हरकत आहे का, असं बाईंनी नियमाप्रमाणे विचारलं. साहेबांनी हात वर केला.

सभागृहात कुजबुज झाली. बाईंनी चष्मा काढला, पुन्हा लावला. मुख्याधिकारी त्यांच्या कानाशी काही म्हणाले, त्यांनी मान हलवली. हरकत घेणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा प्रश्न त्यांनी साहेबांनाही विचारला.

"आपण कोणत्या नात्याने बोलता?"

"भाऊ," साहेब म्हणाले. "या गल्लीतल्या पहिल्या घराच्या मालकीणबाईंचा मी धाकटा भाऊ. अधिकारी म्हणून मला इथे मत नाही, ते मी सोडलेलं आहे. माझा यात हितसंबंध आहे हे लिहून घ्या, आणि माझं म्हणणं त्या मानाने तोलून बघा."

मग त्यांनी पुलाचं सांगितलं. रुंदीकरण कशासाठी ठरलं होतं, पूल कधी झाला, वाहतूक कुठे गेली, आणि ही रेघ आराखड्यांवरून कशी नुसती उतरत आली. माझ्यावर विश्वास ठेवू नका, म्हणाले, खात्याने माणसं बसवून गाड्या मोजाव्यात. इतकी वर्षं समोरच्या खुर्चीत बसून लोकांचं ऐकलेला हा माणूस खाली उभा राहून बोलताना दोनदा अडखळला आणि एकदा तर वाक्यच विसरला.

मागून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, शेवटी आपला तो बाब्या, लोकाचं ते कार्टं. काही लोक हसले. साहेबांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दुसऱ्या एका गल्लीतून आलेला एक म्हातारा उभा राहिला. मागच्या टप्प्यात माझं दुकान गेलं, म्हणाला, तेव्हा नाही आलात रजा काढून.

"नाही आलो," साहेब म्हणाले. "तिथे मी बसून पाहिलंच नाही. इथे बहीण राहते म्हणून पाहिलं. तुमचं म्हणणं खरं आहे आणि माझ्याकडे त्याला उत्तर नाही."

 म्हातारा खाली बसला. 

बाईंनी समोरचे कागद नीट केले. आपल्याला घडवणाऱ्या माणसाला कात्रीत धरणं त्यांना जड जात होतं, पण सोडून देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, ते त्यांना शिकवलंच कोणी नव्हतं. त्या म्हणाल्या, आपली हरकत ऐकली. पण ज्या घरासाठी आपण बोलताय त्या घराच्या मालकीणबाईंची संमती आमच्याकडे आलेली आहे, सगळ्यांच्या आधी. मालकीण हो म्हणत असताना भावाची हरकत धरता येणार नाही. त्या इथे हजर आहेत का?

ताई उठली. दाईने तिला हाताने आधार दिला. सगळ्या माना मागे वळल्या. बाईंनी विचारलं, तुमची संमती आहे, तुमच्या भावाची हरकत आहे, तुमचं स्वतःचं म्हणणं काय?

ताईने आधी भावाकडे पाहिलं. साहेबांना ती नजर लहानपणापासून ठाऊक होती. शेवटची पोळी त्याच्या पानात टाकून मला भूक नाही म्हणताना ती अशीच बघायची. आता ही म्हणणार, मी दिली ती दिली. म्हणजे हसणाऱ्यांची तोंडं बंद होतील आणि भावाचं नाव आहे तिथे राहील. साहेबांनी नकळत मान हलवली, नको म्हणून. तिने ते पाहिलं की नाही, कोण जाणे.

"संमती मी ह्याच्यासाठी दिली होती," ताई म्हणाली. मग थांबली, आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मला माझी खोली हवी आहे. आमचे हे खिडकीशी बसतात. त्यांना माणसं दिसायला लागतात. मला हवी आहे ती."

तेवढं बोलून ती खाली बसली आणि कोणाची तरी वस्तू उचलताना पकडलं गेल्यासारखी तिने मान खाली घातली. दाई उठली, म्हणाली, मलाही माझी हवी आहे. मग सायकल दुरुस्तीवाला उठला. बाई कारकुनाला सांगत होत्या, संमती मागे घेतल्याचं लिहून घ्या, गाड्यांची नव्याने मोजणी होईपर्यंत ही रेघ स्थगित. पुढचंही काही त्या बोलत होत्या, मागच्या टप्प्यातल्या रेघांबद्दल, पण साहेबांना ते नीट ऐकू येत नव्हतं. ताईने आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलेलं त्यांनी आज पहिल्यांदा ऐकलं होतं, आणि तेही असं चारचौघांत, शरमेने बारीक झालेल्या आवाजात. ती इतकी वर्षं आपल्याकडे हक्काने काही मागू शकली नाही, याचा साहेबांना आजवर अभिमान वाटत आला होता. आज त्यांना त्याचं रडू आलं.

ते तिसऱ्या रांगेतून उठले. मागे पुन्हा कुजबुज झाली, पुन्हा कोणीतरी काहीतरी म्हणालं. साहेब सरळ मागच्या रांगेत गेले आणि सगळ्या सभागृहादेखत बहिणीच्या शेजारी बसले.